ऑफिस स्पेस, आठ साहेब आणि मिल्टनचं टेबल

कोबोलकर

काल रात्री मुलीबरोबर 'ऑफिस स्पेस' पुन्हा बघितला. ती यंदाच हिंजवडीत नोकरीला लागली आहे. एकाच फॉर्मबद्दल बोलायला सिनेमाच्या नायकाकडे, पीटरकडे, तिसरा साहेब वळतो, तिथे तिने सिनेमा थांबवला आणि म्हणाली, "बाबा, हे परवा माझ्याबाबतीत झालं." १९९९ सालचा, टेक्ससमधल्या ऑस्टिनला काढलेला सिनेमा! त्यावर इथे एकही धागा दिसला नाही, म्हणून काढतोय. शेवटापर्यंत सगळं लिहिणार आहे, तेव्हा ज्यांना आधी बघायचा असेल त्यांनी बघून या.

दिग्दर्शक माइक जज. शिकला भौतिकशास्त्र. काही महिने सिलिकॉन व्हॅलीतल्या एका कंपनीत इंजिनिअर होता, तिथे जीव रमेना म्हणून सोडून दिलं आणि कार्टूनकडे वळला. मिल्टन नावाच्या, तोंडातल्या तोंडात पुटपुटणाऱ्या कारकुनावर त्याने छोट्या ॲनिमेशन फिल्म केल्या होत्या, त्यातून हा सिनेमा निघाला. खर्च एक कोटी डॉलरच्या आसपास आणि अमेरिकेतली तिकीटविक्री त्याहून जेमतेम जास्त. म्हणजे धंद्याच्या हिशेबाने पडलाच. पुढे केबलवर आणि डीव्हीडीवर लोकांनी तो उचलून धरला.

पीटर गिबन्स 'इनिटेक' नावाच्या कंपनीत प्रोग्रामर. काम काय, तर बँकांच्या सॉफ्टवेअरमध्ये वर्षाचे दोनच आकडे ठेवलेत, ते २००० साल येण्याआधी निस्तरायचे. वायटूके. माझा जीव या सिनेमावर जडला तो इथे, कारण १९९८ ते २००० मी न्यू जर्सीत अगदी हेच काम करत होतो. जुन्या प्रोग्राममध्ये जागा वाचवायला १९९८ ऐवजी नुसतं ९८ लिहिलेलं असायचं. ०० आलं की मशीन ते १९०० समजणार. उपाय दोन. एक तर फील्ड चार आकडी करायचं. पण मग रेकॉर्डची लांबी बदलते आणि ती फाइल वाचणारा प्रत्येक प्रोग्राम उघडावा लागतो. तेवढा वेळ नसेल तिथे विंडो लावायची, म्हणजे ५० च्या खालचा आकडा दिसला की २००० नंतरचा धर, वरचा दिसला की १९०० नंतरचा. सकाळी नऊपासून संध्याकाळपर्यंत हिरव्या अक्षरांच्या स्क्रीनवर तारखेचं एकेक फील्ड शोधत बसायचं. पीटर मैत्रिणीला, जोआनाला, आपलं काम समजावतो तेव्हाचा त्याचा चेहरा बघा. घरी फोनवर "काम काय करतोस रे?" असं आईने विचारलं की माझा तोच चेहरा होत असणार.

सगळे म्हणतात, हा सिनेमा कंटाळवाण्या कामावर आहे. मला ते पटत नाही. तारखा शोधायचं काम कंटाळवाणं होतंच, पण १ जानेवारी २००० ला आमच्या बँकेचे व्यवहार सुरळीत चालू राहिले आणि त्यात माझाही हात होता, याचा मला आजही अभिमान आहे. पीटरला पोखरतात ते वरचे आठ साहेब. सल्लागार म्हणून आलेल्या दोन बॉबना तो हे सरळ सांगतो. माझ्याकडून चूक झाली की आठ जण सांगायला येतात. मग माझी धडपड एवढीच उरते की कुणी मागे लागू नये आणि नोकरी जाऊ नये. पण त्या भीतीने माणूस काढून टाकणार नाहीत इतपतच काम करतो. हा प्रसंग मी मॅनेजर झाल्यावर पुन्हा बघितला तेव्हा घाम फुटला होता.

आणि मिल्टन. त्याचं टेबल हलवत हलवत शेवटी तळघरात जातं. वाढदिवसाचा केक त्याच्यापर्यंत पोचत नाही. त्याचा लाल स्टेपलर साहेब उचलून नेतो. खरं तर त्याला कधीच कामावरून काढलेलं असतं, पण ते त्याला कुणी सांगितलेलं नसतं. पगारखात्यातल्या घोटाळ्यामुळे चेक मात्र चालू असतो. बॉब काय करतात, तर चेक थांबवतात. सांगत तरीही नाहीत. भांडण नको म्हणून! एखाद्याला किती गुपचूप पुसून टाकता येतं, ते मी दुसऱ्या कुठल्या सिनेमात एवढं जवळून बघितलेलं नाही.

तुमचं ऑफिस कुठल्या सिनेमात सापडलं? सविस्तर लिहा.

रानजाई

+१. पीटरच्या साहेबाचा, लंबर्गचा, तो कॉफीचा मग घेऊन क्युबिकलच्या भिंतीवर रेलणं! गॅरी कोलने आवाज एकदाही चढवलेला नाही, म्हणून ते जास्त लागतं. "शनिवारी यायला लागेल" हे तो इतकं सावकाश सांगतो की नाही म्हणायला जागाच राहत नाही.

टोनरवाला

मी २२ वर्षं प्रिंटर दुरुस्त करतोय, आधी नाशिक, आता पुणे. या सिनेमातल्या प्रिंटरबद्दल मला लिहायलाच हवं.

पीटरचा सहकारी मायकेल बोल्टन प्रिंटरसमोर उभा राहून चिडतो, कारण पडद्यावर 'पीसी लोड लेटर' येतं आणि त्याचा अर्थ त्याला कळत नाही. हा संदेश खोटा नाही, जुन्या लेझरजेटवर खरोखर यायचा. पीसी म्हणजे पेपर कॅसेट, कागदाचा ट्रे. लेटर म्हणजे अमेरिकेतला कागदाचा आकार, २१६ बाय २७९ मिलिमीटर. पूर्ण अर्थ एवढाच की ट्रेमध्ये लेटर आकाराचा कागद घाला. पडदा लहान, त्यामुळे शब्द कापून कापून ठेवलेले.

आता गंमत बघा. आपल्याकडे ट्रेमध्ये ए-फोर असतो, २१० बाय २९७. सॉफ्टवेअर अमेरिकेतून आलेलं, त्यात मूळ सेटिंग लेटरचं. त्यामुळे हा संदेश आपल्याकडे अमेरिकेपेक्षा जास्त छळायचा. कागद गच्च भरलेला आणि मशीन म्हणतंय कागद घाला! लोक ट्रे काढायचे, घालायचे, थापटायचे, मग मला फोन. मी जायचो, सेटिंग ए-फोर करायचो, दोन मिनिटांचं काम. पण त्या दोन मिनिटांत माणसं माझ्याकडे जे बोलायची ते प्रिंटरबद्दल नसायचं. रजा मिळत नाही, साहेब ऐकत नाही, ते सगळं बाहेर पडायचं. म्हणून पीटर, मायकेल आणि त्यांचा सहकारी समीर तो प्रिंटर माळावर नेऊन बॅटने फोडतात तो प्रसंग मला खरा वाटतो. मशीनचा त्यात काही दोष नव्हता हे मात्र माझ्या धंद्याला स्मरून सांगतो.

कोबोलकर

टोनरवाला, इतक्या वर्षांत 'पीसी'चा अर्थ आज कळला. मनापासून आभार. लाल स्टेपलरचंही असंच आहे. स्टेपलर बनवणाऱ्या कंपनीच्या यादीत तेव्हा लाल रंग नव्हताच, सिनेमावाल्यांनी तो रंगवून घेतला. नंतर लोक मागायला लागले, तेव्हा कंपनीने २००२ मध्ये लाल काढला.

फोर्टची स्टेनो

माझं ऑफिस सापडलं ते 'नाइन टू फाइव्ह'मध्ये. १९८० चा सिनेमा, जेन फोंडा, लिली टॉमलिन आणि डॉली पार्टन. मी बघितला फार उशिरा, मुलाकडे गेले होते तेव्हा.

बॉस्टनमध्ये १९७३ साली ऑफिसात काम करणाऱ्या बायकांनी याच नावाची संघटना उभी केली होती. तिच्या कामातून जेन फोंडाला हा विषय मिळाला. म्हणून त्यातल्या तक्रारी वरवरच्या नाहीत. लिली टॉमलिनची व्हायलेट नव्या पुरुषांना काम शिकवते आणि ते तिच्यावरचे साहेब होतात. मी फोर्टमध्ये एका ऑफिसात १९७९ पासून होते, नाव घेत नाही. शॉर्टहँड मिनिटाला १२० शब्द, टायपिंग ६०. चार कार्बन घालून पत्र काढायचं आणि शेवटच्या ओळीत चूक झाली की पाचही कागदांवर खोडरबर. माझ्या हाताखाली शिकलेले तिघे जण माझ्या आधी ऑफिसर झाले. तिसऱ्याने तर पेढेही मलाच आणायला पाठवलं होतं.

सिनेमात साहेबाला घरात कोंडून या तिघी ऑफिस चालवतात तेव्हा काय बदलतात ते बघा. कामाच्या वेळा सोयीच्या होतात, पाळणाघर सुरू होतं, एका जागेवर दोघींनी अर्धा अर्धा दिवस काम करायची मुभा मिळते, समान पगार मिळतो. काम वाढतं. सगळ्यात वरचा साहेब येतो, खूश होतो, सगळ्याला मान डोलावतो आणि जाता जाता हळूच सांगतो की ते समान पगाराचं तेवढं काढून टाका. त्या एका वाक्याला मी एकटीच मोठ्याने हसले आणि मग मला रडू आलं. सुनेला कळेना काय झालं.

वीकेंडपाखरू

मावशी, पेढ्यांचं वाचून पोटात कालवलं.

मला 'ऑफिस स्पेस'मधल्या जोआनाबद्दल लिहायचंय, कारण तिच्यावर फारसं कुणी लिहीत नाही. ती हॉटेलात वेट्रेस. कपड्यांवर निदान १५ बिल्ले लावायचा नियम आहे आणि ती बरोब्बर १५ लावते. मॅनेजर तिला बोलावून विचारतो, तुला फक्त कमीत कमी तेवढंच करायचंय का? शेजारचा ब्रायन ३७ लावतो बघ. ती म्हणते, मग नियमच ३७ चा करा ना. तसं मात्र तो कधीच म्हणत नाही.

आमच्याकडचं अप्रेझल हेच आहे. वर्षाच्या सुरुवातीला पाच उद्दिष्टं ठरतात. पाचही पूर्ण केली की शेरा मिळतो, 'मीट्स एक्स्पेक्टेशन्स', आणि पगारवाढ नावापुरती. अपेक्षा पूर्ण केल्या हे कौतुक नसून समज दिल्यासारखं असतं. मागच्या वर्षी मी लीडला विचारलं की सहावं काम कुठलं करायला हवं होतं. त्याने खूप वेळ विचार केला आणि म्हणाला, ते तुझं तुला सुचायला हवं होतं. जोआनाचा तो मॅनेजर स्वतः माइक जजने रंगवलाय हे कळल्यावर मला तो माणूस अजून आवडायला लागला.

सांगवीकर

थोडा विरोधी सूर लावतो. पीटर कामावर जात नाही, मासे घेऊन येतो आणि टेबलावर साफ करतो, क्युबिकलची भिंत पाडतो, आणि बॉब त्याला बढती देतात. त्याच बैठकीत समीर आणि मायकेल यांना काढायचं ठरतं, जे रोज वेळेवर येऊन काम करत होते. पीटरला बेफिकीर व्हायला परवडतं. समीरला परवडेल का? या देशात कुणाला माझं आडनाव नीट म्हणता येत नाही असं तो सांगतो, म्हणजे बाहेरून आलेला माणूस आहे. तो व्हिसावर आहे की नाही ते सिनेमा सांगत नाही. पण एच-वनवर असता तर नोकरी गेल्यावर काय? हल्ली निदान ६० दिवस मिळतात, तेही २०१७ पासून. १९९९ मध्ये तेही नव्हते. मला त्या सिनेमात सगळ्यात जास्त काळजी समीरची वाटते आणि सिनेमाला ती पुरेशी वाटत नाही.

कोबोलकर

सांगवीकर, विरोधी नाही, तुम्ही दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. न्यू जर्सीतल्या एडिसन गावातल्या फ्लॅटमध्ये आम्ही पाच जणांनी हा सिनेमा भाड्याची कॅसेट आणून बघितला होता. समीरच्या आडनावाचा प्रसंग आला आणि आम्ही गडाबडा लोळलो, कारण आमच्यातल्या एकाच्या आडनावाचे ऑफिसात चार उच्चार होते. तोच मुलगा २००० च्या मार्चमध्ये बेंचवर आला, म्हणजे हाताला प्रोजेक्ट उरलं नाही. तारखांचं काम संपलं होतं. बेंचवर पगार बंद, दुसरी कंपनी व्हिसा करायला तयार नाही. मे महिन्यात त्याला विमानतळावर सोडायला आम्ही चौघे गेलो. भांडीकुंडी वाटून दिली, कुकर माझ्याकडे आला. पुढे तो पुण्यात चांगला स्थिरावला. पण त्यानंतर समीर आणि मायकेलच्या त्या प्रसंगाला मला तसं हसता आलेलं नाही. ज्याच्या हातात परतीचं तिकीट असतं, त्याला साहेबासमोर मासे साफ करता येत नाहीत.

कॅशियर काका

बँकेत ३४ वर्षं काढली. सिनेमातल्या चोरीबद्दल लिहितो.

व्याज काढताना सेंटच्या पुढचे अपूर्णांक उरतात. ते गाळून एका खात्यात जमा करायचे, कुणाला कळणार नाही, ही पीटर, मायकेल आणि समीरची युक्ती. मायकेलच्या प्रोग्राममध्ये दशांश चिन्ह चुकतं आणि दोन-तीन दिवसांत तीन लाखांवर डॉलर जमा होतात. मग तिघांची पाचावर धारण बसते.

आमच्याकडे ठेवीचं व्याज जवळच्या रुपयाला पूर्ण करायचा नियम आहे. ५० पैसे आणि वर असेल तर पुढचा रुपया, खाली असेल तर सोडून द्यायचे. पण ते सोडलेले पैसे हवेत जात नाहीत, ताळेबंदात त्यांना जागा असते. लेजर हाताने लिहायचो त्या काळात ताळा जुळेपर्यंत कुणी घरी जात नसे. एकदा सहा पैशांचा फरक रात्री साडेनऊपर्यंत शोधला. कुणीतरी १ चा ७ वाचला होता. सापडलं तेव्हा मॅनेजरसाहेबांनी स्वतः चहा आणला. त्या साहेबांसाठी आम्ही दहापर्यंतही बसलो असतो. कोबोलकर म्हणतात ते मला पटतं. काम किचकट असलं तरी चालतं, वरचा माणूस बरा लागतो.

गिरगावची गच्ची

आता मी जुन्यात शिरतो. बिली वाइल्डरचा 'द अपार्टमेंट', १९६०. हा बघितल्याशिवाय या धाग्याला पूर्णता नाही.

जॅक लेमन म्हणजे बॅक्सटर, विमा कंपनीत कारकून. सुरुवातीलाच तो सांगतो की मुख्य कार्यालयात ३१,२५९ माणसं आहेत आणि आपण एकोणिसाव्या मजल्यावर, टेबल क्रमांक ८६१. लिफ्टमध्ये चेंगराचेंगरी नको म्हणून मजल्यांच्या सुटायच्या वेळा वेगवेगळ्या. तो हॉल बघाच. टेबलांच्या रांगा पार क्षितिजापर्यंत गेलेल्या दिसतात. प्रत्यक्षात सेट तेवढा मोठा नव्हता. कलादिग्दर्शक अलेक्झांडर त्राउनेर याने मागची टेबलं लहान लहान करत नेली आणि तिथे ठेंगणी माणसं बसवली. त्या वर्षी उत्कृष्ट चित्रपटासह पाच ऑस्कर मिळाली, त्यात कलादिग्दर्शनाचंही होतं.

बॅक्सटर आपल्या फ्लॅटची चावी साहेबांना त्यांच्या भानगडींसाठी देतो आणि त्या बदल्यात बढती मिळवतो. बढतीची खूण काय, तर साहेबांच्या स्वच्छतागृहाची चावी! शेवटी मोठा साहेब फ्लॅटची चावी मागतो, हा खिशातून चावी काढून देतो. साहेब म्हणतो, ही चुकीची आहे, ही स्वच्छतागृहाची. बॅक्सटर म्हणतो, बरोबरच दिली आहे. माणूस कणा परत मिळवतो ते सगळं एका चावीवर. पीटरने पाडलेल्या भिंतीपेक्षा मला ही चावी मोठी वाटते, कारण बॅक्सटर सरळ निघून जातो, चोरी करत नाही, मिल्टनसारखी ऑफिसला आग लावत नाही.

आपल्याकडचं म्हणाल तर अमोल पालेकर. 'छोटी सी बात'मधला अरुण ऑफिसात नोकरीला, बसस्टॉपवर रांगेत उभा. 'गोलमाल'मध्ये तर नोकरी टिकवायला खोटी मिशी आणि खोटा जुळा भाऊ. साहेब भवानीशंकरला खेळाची आवड असलेला कर्मचारी चालत नाही, म्हणून रामप्रसाद हॉकीवरचं प्रेम लपवतो. हे १९७९ साली जेवढं खरं होतं तेवढंच आज आहे. मुलाखतीला जाताना आपण आपल्यातला निम्मा माणूस घरी ठेवून जातो. आणि पालेकर नोकरदार वाटतात याचं कारण ते खरोखर बँकेत नोकरी करत होते. खिशातलं पेन, डबा, साहेबांच्या दारावर टकटक करण्याआधीचा तो एक क्षण, हे शिकवून येत नाही.

रानजाई

'रॉकेट सिंग'ला विसरलात सगळे! २००९, शिमित अमीन दिग्दर्शक, जयदीप साहनीची कथा. हरप्रीत लाच मागणाऱ्याची तक्रार करतो आणि शिक्षा यालाच. सगळं ऑफिस त्याच्यावर कागदाची रॉकेटं फेकतं. तो त्याच ऑफिसात बसून, त्यांचेच फोन वापरून आपली कंपनी काढतो आणि नाव ठेवतो रॉकेट. वापरलेल्या प्रत्येक गोष्टीचा हिशेब वहीत लिहून ठेवतो, परत करायचा म्हणून. चहावाला छोटेलाल, रिसेप्शनवरची कोयना, हार्डवेअरचा गिरीश, सगळे भागीदार. पीटर अपूर्णांक चोरतो, हरप्रीत पै-पैची नोंद ठेवतो. मला हरप्रीत जवळचा.

सांगवीकर

हरप्रीतला अनुमोदन. कोबोलकर, एक विचारू? तुम्ही पुढे मॅनेजर झालात असं लिहिलंय. मिल्टनचं टेबल हलवायचं कोण ठरवतं हो खऱ्या ऑफिसात? मी एचआरमध्ये १४ वर्षं आहे, पण तो निर्णय घेणारा माणूस मला कधीच दिसलेला नाही. नेहमी झालेलाच दिसतो.

कोबोलकर

मी ठरवलं होतं, सांगवीकर. भारतात परत आल्यावर, एका कंपनीत, नाव नको. मजल्याचा नकाशा माझ्याकडे सहीला आला. नवी टीम येणार होती, बारा खुर्च्या एकत्र हव्या होत्या. खिडकीजवळ एक जुने गृहस्थ बसायचे, डॉक्युमेंटेशन बघायचे, पंचावन्नच्या पुढचे. त्यांचं नाव नकाशावर पेन्सिलने खोडून सर्व्हर रूमच्या शेजारी लिहिलेलं होतं. मी सही केली. बारा खुर्च्या बसतात की नाही एवढंच बघितलं. सहा महिन्यांनी पुन्हा नकाशा आला, पुन्हा हलले, आणि ती सहीही माझीच. ते एकदाच माझ्याकडे आले आणि म्हणाले, "सर, तिथे एसीचा वारा थेट मानेवर येतो, एक पुठ्ठा लावला तर चालेल का?" मी म्हटलं लावा. त्यांनी स्वतः चिकटपट्टीने झडपेला पुठ्ठा लावला. पुढच्या वर्षी ते कंपनी सोडून गेले, निरोपसमारंभ नव्हता.

पुठ्ठा मात्र मी ती कंपनी सोडेपर्यंत तिथेच होता.

फोर्टची स्टेनो

त्यांचा पत्ता असेल तर एक फोन करा हो. मला केला असता कुणी तर आवडलं असतं.

कोबोलकर

शोधतो, मावशी. जुन्या टीममधल्या दोघांना आत्ताच मेसेज टाकलाय.